आठव्या नंबरचा ताप

पटो न पटो, ही गोष्ट खरी आहे. श्रीकर माझा सख्खा मावसभाऊ. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते, ती देवानं त्याला दिलेलीच नाही.

साल सत्त्याण्णव, मे महिना. तंजावूरहून तिरुवैयारुला जाताना वाटेत एक भाताची गिरणी लागते. श्रीकर तिथं कामाला. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं पोट भरतात.

आणि हो, यात अमावास्या, मध्यरात्र वगैरे काही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं.

ती उकड्या तांदळाची गिरणी. भात उकडायचं आणि गरम हवेनं सुकवायचं. हवा जास्त तापली की दाणा तडकतो, माल वाया. पूर्वी ही उष्णता सुब्रमण्यम नावाचा म्हातारा बघायचा. यंत्र नाही की काही नाही. भातात तळहात खुपसायचा आणि आकडा सांगायचा.

कामगार आपली तापलेली पोरंसुद्धा त्याच्याकडे आणायचे. कपाळावर हात ठेवून म्हातारा म्हणायचा, "चढतोय. दवाखान्यात ने." त्याचा हात कधी चुकला नाही.

त्या वर्षी पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, म्हातारा गेला.

त्याच्या जागी मालकानं यंत्र आणलं. तेव्हा सगळीकडे नव्याचं वारं होतं, मालक तरी मागे कसा राहील? आठ नंबरांचं यंत्र, आठ ठिकाणची उष्णता एकापाठोपाठ सेल्सिअसमध्ये दाखवणारं. प्रत्येक नंबरला वरची मर्यादा भरायची. आकडा त्यापलीकडे गेला की भोंगा. मर्यादा भरायचं काम श्रीकरचं, आणि ते यंत्र उघडायचा गुप्त आकडाही फक्त त्यालाच ठाऊक.

सात तारा सात जागी गेल्या. आठव्या नंबरला तारच जोडली नव्हती. तिथं नुसत्या चार आडव्या रेघा दिसायच्या. श्रीकरनं त्याची मर्यादा शंभरावर नेऊन ठेवली, आणि विसरला.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोन वाजता भोंगा वाजला.

पहिले सातही नंबर व्यवस्थित होते...

आठव्यावर आकडा होता. ३८.६.

श्रीकरनं मागची बाजू उघडली. तार नाही. बोट लावून पाहिलं, स्क्रू मोकळेच. मर्यादा तपासली.

शंभर नव्हती... अडतीस होती.

"अंगात ताप असल्यासारखं दाखवतंय, सार," बॉयलरवरचा कल्याणराम म्हणाला.

"नवं यंत्र आहे. बिघडलं असेल," श्रीकर म्हणाला, आणि मर्यादा परत शंभर केली. भोंगा थांबला.

आकडा मात्र चढत राहिला. चाळीस. एक्केचाळीस. मग उतरायला लागला, आणि उतरतच गेला. संध्याकाळी तो चौतीसवर येऊन थांबला. खोलीतल्या हवेइतका. मग पुन्हा चार रेघा.

थोड्या वेळानं सायकलवरून माणूस आला. कल्याणरामचे वडील तिरुवैयारुला तापानं गेले होते. दुपारी.

कल्याणराम नुसता यंत्राकडे बघत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. श्रीकरही तेच म्हणाला. माणूस घाबरला की योगायोग हा शब्द फार कामाला येतो.

दहा दिवसांनी श्रीकरची सहा वर्षांची मुलगी अखिला आजारी पडली. त्याचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात बायको भुवना आणि थोरली बहीण कनकलता. आई लवकर गेलेली, त्यामुळं श्रीकरला लहानाचं मोठं केलं ते या अक्कानंच. शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही. आता तीन रात्री तीच अखिलाला मांडीवर घेऊन बसली होती.

चौथ्या दिवशी श्रीकर कामावर गेला. न जाऊन चालणार नव्हतं.

साडेबाराला भोंगा वाजला...

आठ. ३८.२.

मर्यादा पुन्हा अडतीस. त्यानं सकाळीच पाहिली होती, तेव्हा शंभर होती.

श्रीकरनं शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. भुवना धावत आली.

"अखिला कशी आहे?"

"आत्ताच बघितलं. एकशे तीन. तुम्ही या हो."

त्यानं मोपेड पिटाळली. निघताना कल्याणरामला बजावलं, "आठ नंबरवरून नजर हलवू नकोस. मी फोन करतो."

घरी पोचला तेव्हा अक्का दारातच उभी होती, भिंतीला टेकून. पोरीची पिशवी भरून तयार.

"जाऊन या दोघं. मी आहें घरीं."

"तूही चल ना, अक्का."

"मला काय झालंय? स्वैंपाक कोण करील? जा रे बा, उशीर नको."

गेले. पोरीला दाखल केलं. सलाईन लावलं, भुवना कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. श्रीकरनं बाहेरच्या फोनवरून गिरणीला विचारलं.

"चाळीस पॉइंट आठ, सार."

अर्ध्या तासानं एक्केचाळीस. यंत्राची मर्यादा त्याच्या हातात होती, हजारावर नेऊन ठेवता आली असती. पोरीचा ताप एका अंशानं खाली आणणं त्याच्या हातात नव्हतं. त्या व्हरांड्यात उभं राहून तो लहान मुलासारखा रडला. हे त्यानंच मला सांगितलं.

चारच्या सुमाराला नर्स बाहेर आली. ताप उतरतोय म्हणाली. पोरगी घामानं भिजली होती, डोळे उघडून तिनं पाणी मागितलं.

श्रीकर फोनकडे धावला.

"उतरतंय, सार!" कल्याणरामही पलीकडून रडवेला झाला होता. "एकोणचाळीस... आत्ता अडतीस..."

"सदतीसला आलं की सांग. मी फोन धरून राहतो."

बराच वेळ गेला.

"सदतीस, सार."

श्रीकरनं डोळे मिटून हात जोडले. आता फोन ठेवणार, तोच...

"सार... छत्तीस पॉइंट पाच."

"थांबेल."

"छत्तीस... पस्तीस पॉइंट नऊ... सार, हे थांबत नाही."

त्यानं फोन तसाच टाकला आणि आत पळाला. अखिलाच्या कपाळावर, गळ्यावर, पायांवर हात ठेवला. पोरगी ऊबदार होती. नर्सला थर्मामीटर लावायला सांगितलं. अठ्ठ्याण्णव, म्हणजे यंत्राच्या भाषेत सदतीसच्या आसपास. भुवना शेजारी पेंगत होती. तिचंही अंग हात लावून पाहिलं. ठीक.

मग कोण?

त्याला लगेच सुचलं नाही. हेच त्याला अजून खातं.

घरी पोचला तेव्हा दार नुसतं लोटलेलं. चुलीवर रसम झाकून ठेवलेलं, अजून कोमट. अक्का मधल्या खोलीत जमिनीवर कुशीवर झोपली होती, पदर तोंडावर घेऊन.

त्यानं कपाळावर हात ठेवला...

आकडा सांगायला त्याला यंत्र लागलं नाही.

उशीखाली तापाच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं होती. तीन दिवस ती स्वतःचा ताप गोळ्यांखाली दाबून पोरीच्या उशाशी बसली होती. घरात थर्मामीटर एकच, आणि तो पोरीच्या काखेत. अक्काला लावून बघावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे घरासाठी खपणाऱ्या बाईला ताप येतो, हेच मुळी कुणाला खरं वाटत नाही.

यंत्र कंपनीच्या माणसांना दाखवलं. त्यांनी खोलून पाहिलं. दोष नाही. आठवा नंबर बंद करून दिला, तो दुसऱ्या दिवशी चालू. मालकानं यंत्र काढून नवं आणलं. त्यातही तेच.

मी श्रीकरला एकदा विचारलं, "इतकी आधी खबर मिळते, तर उपयोग का करून घेत नाहीस?"

"काय करून घेऊ?" तो म्हणाला. "आकडा सांगतं रे. माणूस सांगत नाही."

पुढच्या वर्षी कामासाठी तंजावूरला गेलो, तेव्हा दुपारी गिरणीत त्याला भेटायला गेलो. काफी पीत बसलो होतो.

भोंगा वाजला.

गिरणीत कुणी ओरडलं नाही. गिरणीचे पट्टे बंद झाले. मग एकेक करून माणसं ऑफिसात यायला लागली. हमाल, पाखडणाऱ्या बाया, बॉयलरवरचे. गिरणीत फोन एकच. त्याच्यापुढं रांग लागली. ज्यांच्या गावात फोन नव्हता, ते सायकली काढून केव्हाच निघाले होते.

प्रत्येक जण तेवढंच बोलायचा. "घरातल्या सगळ्यांच्या अंगाला हात लावून बघ. सगळ्यांच्या. तुझ्यासुद्धा." मग उत्तराची वाट बघायचा, आणि बाजूला होऊन पुढच्याला जागा द्यायचा.

मीही रांगेत उभा राहिलो. लाज वाटली, पण राहिलो. माझा नंबर आला. घरी सगळे ठीक होते. मी बायकोला दोनदा विचारलं.

फोन ठेवला तेव्हा माझ्यामागं अजून अकरा माणसं होती. यंत्रासमोर श्रीकर हलक्या आवाजात आकडे वाचत होता.

सदतीस... छत्तीस... पस्तीस...

रांग अजून संपली नव्हती.