पंचफुला नावाची तीन यंत्रं

प्रज्वल मला पहिल्यांदा भेटला तेव्हा अख्खी जीप मला हसत होती!

केनवडहून रिसोडला मुलाखतीला निघाले होते. फोन कानाशी धरून मीच रेकॉर्ड केलेली उत्तरं ऐकत होते. ड्रायव्हरनं गाडीचा स्पीकर चालू केला मात्र, माझाच आवाज जीपभर घुमला, "नमस्कार सर, मी रुचिका. माझा सगळ्यात मोठा दोष म्हणजे मी अतिशय मेहनती आहे…"

"माय वं!" मी फोन दाबत सुटले. बंद होईल तर शपथ!

शेजारच्या सावळ्या मुलानं हात पुढे केला. "द्या इकडं. या जीपवर तुमी आधी कधी ब्लूटूथवर गाणे लावले असतीन. एकदा पेअरिंग करून फोन अन् स्पीकर दोघायनं एकमेकाच्या किल्ल्या जपून ठेवल्या, की त्याले बाँडिंग म्हनतेत. मंग फोन न विचारता जोडल्या जाते." आवाज थांबला. तो गालात हसला. "बाकी दोष लय मोठा हाय बापा तुमचा…"

मी लाजून खिडकीबाहेर पाहत राहिले. आणि ज्या वर्कशॉपात मुलाखत होती, तिथं दार कोणी उघडावं? यानंच!

दौलतराव काकांच्या त्या वर्कशॉपात सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र बनत होतं. यंत्र जोडायचं प्रज्वलनं, त्याचा आकडा फोनवर दाखवणारं ॲप लिहायचं मी. "महिनाभर पाहू," काका म्हणाले. "शेवटच्या शनिवारी बाजारात चाललं तं नोकरी पक्की. नाई तं राम राम."

कॉलेजात मला सगळे शब्द पाठ होते, कळत एकही नव्हता. हे मी पहिल्याच दिवशी कबूल केलं. प्रज्वल हसला नाही. डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी खाली ठेवून म्हणाला, "बाजारात पुंजाजी काका मेथी घेऊन बसतेत, ठाऊक हाय? गिऱ्हाईक दिसो न दिसो, हाका मारत राह्यतेत. यंत्र तसंच आपलं नाव हवेत सांगत राह्यते. ते ॲडव्हर्टायझिंग. फोन कान देऊन आयकते, ते स्कॅनिंग. जोडनी करते तो फोन सेंट्रल, अन् यंत्र पेरिफेरल."

"आन् कॅरॅक्टरिस्टिक?"

"आकडा ठेवाचा कप्पा. ओलाव्याचा येगळा, बॅटरीचा येगळा."

बस्स, इतकं सोपं! त्याला सगळं येत होतं आणि त्याचा तोरा म्हणून नव्हता. मी मुद्दाम नवे नवे शब्द शोधून विचारायला लागले. तो सांगताना त्याच्या बोटांकडे बघत बसायचे… ही नोकरी मला हवीच होती, आणि शेजारचं ते टेबलसुद्धा!

दौलतराव काकांच्या ट्रॅक्टरवर त्यांच्या आईचं नाव, विहिरीवर आईचं नाव. मग यंत्राचंही तेच ठेवायचा हुकूम झाला, 'पंचफुला'. मी ॲपमध्ये लिहून टाकलं, हे नाव ऐकू आलं की जोड. टेबलावर एकच यंत्र असायचं, त्यामुळे महिनाभर झकास चाललं.

शेवटच्या शनिवारी बाजारात तीन यंत्रं आणली. तिन्ही चालू केली.

मेथीवाल्या पुंजाजी काकांनी घरचं, चार दिवस वाळवलेलं सोयाबीन ओतलं होतं. प्रज्वलनं ढिगात यंत्र खुपसलं. माझ्या फोनवर आकडा आला, सतरा टक्के.

"वलं हाय," व्यापाऱ्यानं मान फिरवली.

"वलं? खडखड वाजून राह्यलं ना!" पुंजाजी काकांनी मूठभर दाणे त्याच्यासमोर वाजवले.

"यंत्र खोटं नाई बोलत," दौलतराव काका ऐटीत म्हणाले.

मी वळून पाहिलं. शेजारच्या ढिगातही आमचंच यंत्र होतं… तो माल खरंच ओला होता. फोननं पहिली पंचफुला ऐकली आणि तिलाच जोडून घेतलं होतं! मी प्रज्वलकडे पाहिलं. त्यानं नजर खाली घातली.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण पुंजाजी काकांची मूठ अजून तशीच होती.

"आकडा चूक हाय, काका! चूक माझी हाय. नुसतं नाव पाहून जोडलं मी. प्रत्येक यंत्राले गाडीच्या नंबरावानी आपला येगळा पत्ता असते, तो पाहाले पायजे होता."

दौलतराव काका लालबुंद झाले. मी पोत्यावर बसून तिथंच कोड बदलायला घेतलं. प्रज्वल स्केचपेननं एकेका यंत्रावर पत्त्याचे शेवटचे चार अक्षर-आकडे लिहीत सुटला. अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं, साडेदहा टक्के! व्यापाऱ्यानं पोती पुढे ओढली.

"पोरीनं आपनहून सांगतलं. तिचं यंत्र मी घेईन," तो म्हणाला.

दौलतराव काकांनी घसा खाकरला. "सोमवारी येळेवर येजो."

बाजार पांगला. प्रज्वल वायर गुंडाळत उभा होता, चेहरा पडलेला.

"मले तुह्याआधी समजलं होतं, रुचिका. पन बोललो असतो तं तुही नोकरी गेली असती… गप राह्यलो. तू मात्र बोलली. महिनाभर मलेच शायना समजत होती ना तू?"

"अजूनबी समजते. पन यापुढं माह्यासाठी काही दाबून ठेवाचं नाई. कबूल?"

"कबूल." त्यानं वायर खाली ठेवली, कान लाल झाले. "मंग… अजून एक दाबून ठेवलं हाय. त्या जीपपासून."

"सांग."

"मले तू लय आवडते."

"मलेबी तू," मी म्हणाले, आणि त्याचा हात घट्ट धरला.