हर्षदची सही

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. जे ऐकलं, ज्या क्रमाने ऐकलं, तसंच लिहिते आहे. फक्त त्या डोंगराचं नाव देत नाही.

१७ मे २०२५, शनिवार. भांडुप पश्चिम. वेळ दुपारी तीनची.

हो, दुपारची. भर उन्हातली.

आधी मागचं थोडं सांगावं लागेल. माझा धाकटा भाऊ केतन आणि त्याचा मित्र हर्षद, दोघेही अमेरिकेत नोकरीला. जून २०२४ मध्ये आठवड्याची सुट्टी काढून दोघे व्हॅनने निघाले. तिकडे ज्वालामुखींच्या डोंगरांवर उन्हाळ्यातही बर्फ असतो. पायाला स्की बांधून चढायचं, घसरत उतरायचं, गाडीत झोपायचं आणि पुढच्या डोंगराकडे निघायचं.

तिसऱ्या डोंगरावरून केतन एकटाच परतला.

अकरा महिने त्याने सगळ्यांना एकच सांगितलं. दोघे खाली आले, पायथ्याच्या वहीत परतल्याच्या सह्या केल्या. केतन गाडीत झोपला. हर्षद बहुतेक काहीतरी विसरलेलं आणायला पुन्हा वर गेला. बर्फाखाली डोंगराच्या गरम वाफेने पोकळ्या होतात. तशा एका पोकळीत तिसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला.

त्या शनिवारी आम्ही मुलुंडहून रिक्षाने हर्षदच्या आईवडिलांना भेटायला निघालो. केतन त्यानंतर अमेरिकेहून प्रथमच आला होता.

"ताई, तो खाली आलाच नव्हता," केतन अचानक म्हणाला.

"म्हणजे?"

"मी पुढे होतो. तो मागे, धुक्यात. पाच मिनिटांत येईल म्हटलं. वहीत माझी सही केली... आणि त्याचीही केली."

"का?"

"प्रॉक्सी गं. कॉलेजात चार वर्षं मीच त्याची हजेरी लावायचो. हात आपोआप गेला."

मग दहा मिनिटं पडतो म्हणून तो गाडीत आडवा झाला. मध्यरात्रीपासून चढत होते. डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला.

संध्याकाळी तिथला रक्षक वही तपासून गेला होता. दोघे चढले, दोघे उतरले. त्या रात्री शोधायला कोणी गेलंच नाही.

"हर्षदच्या मनगटावर घड्याळ होतं," केतन म्हणाला. "त्यात हृदयाचे ठोके नोंदले जातात. पहाटे चारपर्यंत होते, ताई."

रिक्षावाल्याने विचारलं, डावीकडे की सरळ. मी सरळ म्हणाले.

"आज काकूंना सांगून टाकतो," केतन म्हणाला.

हर्षदचं घर चौथ्या माळ्यावर. लिफ्ट बंद. दुसऱ्या माळ्यावर मी दम घ्यायला थांबले.

"काय ताई, खुर्चीत बसून गंजलीस पार."

"डोंगर तू चढ. मला जिने पुरेत."

तो हसला... आणि मध्येच थांबला.

खालून आवाज येत होता.

सर्र... टक.

सर्र... टक.

कोणी कपाट सरकवत असेल, असं मला वाटलं. मग केतनचा चेहरा पाहिला.

"काय झालं रे?"

"चढताना स्कीच्या खाली केसाळ पट्टी लावतात. मागे घसरू नये म्हणून. ती बर्फावर अशी वाजते. आणि टाच टेकली की... टक."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. जिना रिकामा होता.

आवाज थांबला.

हर्षदच्या आईने, सुगंधाकाकूंनी, कोकम सरबत दिलं. त्याचे वडील, धोंडूकाका, खिडकीपाशी बसले होते.

"आमचोच झील बेफिकीर," काका म्हणाले. "सही करून परत वर कित्याक गेलो?"

"तुम्ही गप बसा हो," काकू म्हणाल्या. त्या केतनसमोर येऊन बसल्या. "जिन्यात काही ऐकलंस?"

केतनने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"गेल्या जूनपासून येतो," काकू म्हणाल्या. "दुपारचाच. तिसऱ्या माळ्यापर्यंत. यांना ऐकू येत नाही. वर का येत नाही, तेवढंच कळत नाही मला."

पंखा फिरत होता.

"घर जवळ आल्यावर मागे फिरणारा नव्हता रे तो. तू होतास बरोबर. खरं सांग बाबा. सही त्यानेच केली ना?"

सर्र... टक.

या वेळी खूप जवळून.

तिसरा माळा गेला. मधलं वळण गेलं. काकू दाराकडे बघत होत्या.

सर्र... टक.

दाराशी थांबला.

दाराच्या फटीतून पाण्याची बारीक धार आत आली. लादीवरून सरकत माझ्या पायाच्या अंगठ्याला लागली. मे महिन्यात... बर्फासारखी गार. आणि विझलेल्या आगकाडीसारखा गंधकाचा वास.

केतन त्या पाण्याकडे पाहत राहिला.

मग म्हणाला, "हो काकू. त्यानेच केली."

मी तिथेच होते. मला खरं माहीत होतं. मी बोलू शकले असते.

मीही बोलले नाही.

काकूंनी उठून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पायपुसणं कोरडं होतं. आत वळून पाहिलं, तर लादीही कोरडी.

उतरण्याचा आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होते. अजिबात आला नाही.

केतन २० तारखेला परत गेला. तिकडे त्याला काही ऐकू येत नाही म्हणतो. फोन हल्ली तो लवकर ठेवतो.

मुलुंडला मी दुसऱ्या माळ्यावर राहते, एकटी. २४ मे, शनिवार. मी कपडे घडी करत होते. तीन वाजून गेले होते...

सर्र... टक.

पहिल्या माळ्यापर्यंत येतो. तिथे थांबतो. शेजाऱ्यांना विचारलं. कोणालाच ऐकू येत नाही.

काकू दर शनिवारी दुपारी फोन करतात. आधी माझी तब्येत विचारतात, मग केतनची. शेवटी एकच विचारतात.

"शुभा, इकडे यायचा बंदच झाला गं. त्या दिवसापासून. मी दार उघडं ठेवून बसते... तुझ्याकडे तर नाही ना येत?"

"नाही काकू," मी म्हणते, आणि जिन्याकडचं दार लावून घेते.