दुसऱ्याच्या कानाचा साचा

हे घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या सख्ख्या वडिलांच्या बाबतीत. पटत नसेल तर इथेच थांबा, माझा काही राग नाही. लोकांना पटवत बसायची हौस माझी केव्हाच फिटली.

आणि रात्र-बित्र काही नव्हती बरं का. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. भुताखेतांना अंधार लागतो असं ज्याने ठरवलं, त्याला एकदा माझ्या टेबलावर आणून बसवा.

मी कानाच्या मशीनच्या दवाखान्यात कामाला आहे. बारा वर्षं झाली. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मॅडम पेशंटचे कान तपासतात, आतल्या खोलीत मी. कानात मऊ लगदा भरून ठसा घ्यायचा आणि त्यावरून साचा बनवायचा, हे माझं काम. साचा म्हणजे मशीनचा तो पारदर्शक तुकडा, जो कानात जाऊन बसतो. शिवाय लोकांची वापरलेली मशीनं साफ करायची.

साफ करायची म्हणजे काय करायचं, ते सांगते. जेवत असाल तर ताट बाजूला ठेवा.

पिवळा मळ. तपकिरी मळ. काळा, दगड झालेला मळ. त्यात अडकलेले केस. एकाच्या साच्यातून तर मेलेली मुंगी निघाली होती. लोक इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर मारून येतात आणि कानातून हे काढून माझ्या तळहातावर ठेवतात. शी! बारा वर्षांत सवय झाली असेल, असं सगळ्यांना वाटतं. कसली सवय! मला जात्याच किळस फार. आजही मी हात तीन-तीनदा धुतल्याशिवाय डबा उघडत नाही.

पण त्यामुळे एक गोष्ट मला झोपेतही कळते. ताजा मळ कोणता आणि जुना कोणता.

जुना कोरडा असतो, त्याचा भुगा होतो. ताजा ओला असतो, चकाकतो, ब्रशला चिकटून लोंबतो.

तर त्या मंगळवारी एक बाई आली. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी, आणि प्रत्येकीला गाठ. आत एक मशीन होतं.

"सासरे गेले मागच्या महिन्यात," ती म्हणाली. "कुणा गरजूला द्या."

लोक देतात अशी. आम्ही मशीन ठेवतो, साचा टाकून देतो आणि दुसऱ्या पेशंटच्या कानाचा नवा बनवतो. तिलाही मी तेच सांगितलं.

"साचा नक्की फेकता ना?"

"फेकावाच लागतो, ताई. ज्याचा साचा त्याच्याच कानात बसतो. दुसऱ्याच्या बसतच नाही."

तिने पिशवी ठेवली आणि हात ओढणीला पुसले. परत परत पुसले.

"जेवताना फार आवाज करायचे हो," ती म्हणाली. "मचमच... मचमच... आणि मशीन काढून ठेवलं ना, तरीसुद्धा..."

एवढंच बोलली आणि जिना उतरून गेली.

मी म्हटलं, असतात एकेक सुना. सासरा गेला तरी कुरकुर संपत नाही.

आता बाबांचं सांगते.

बाबा तीस वर्षं लाकूड कापायच्या मिलमध्ये आऱ्यावर होते. त्या आऱ्याने उजवा कान पार खाल्ला. डाव्यात थोडी धुगधुगी होती, तीही महिन्यागणिक उतरत चालली होती. आई जाऊन दोन वर्षं झालेली. घरात आम्ही दोघंच. मी बोलायची आणि बाबा भलत्याच जागी मान डोलवायचे. "ठमे, जेवलीस का?" विचारायचे आणि उत्तर ऐकू येत नाही म्हणून माझ्या ताटात बघायचे.

डोळ्यांत पाणी यायचं माझ्या.

मॅडम म्हणायच्या, "लवकर मशीन लाव त्यांना. कानाला आवाजाची सवय तुटली की मग काही उपयोग नाही." मलाही कळत होतं ते. पण बाबांच्या कानात काही घातलं की त्यांना खोकला यायचा. काही लोकांना येतो, कानाची एक नस घशाशी जोडलेली असते. लगदा आत गेला की बाबा असे खोकायचे की ठसा वेडावाकडा व्हायचा. दोनदा घेतला, दोनदा वाया गेला. ठसा बिघडला की साचा सैल होतो आणि मशीन नुसतं शिट्ट्या मारतं. साऱ्या जगाचे ठसे घेतले मी आणि सख्ख्या बापाचा जमेना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्या दुपारी मी ते मशीन धुवायला घेतलं. साचा डाव्या कानाचा होता, कोऱ्यासारखा. ना ओरखडा, ना पिवळेपणा.

आणि माझ्या मनात आलं... बसतो का, बघावं.

हीच माझी चूक. नवशिकी पोरगीही करणार नाही अशी चूक. पण आपल्या माणसापुढे नियम कुठे आठवतात? मी साचा दोनदा औषधी पाण्यात बुडवला, पुसला आणि घरी नेला.

साचा बाबांच्या कानात सरकन गेला.

खोकला आला नाही.

एवढासुद्धा नाही.

बारा वर्षांत मी एकही साचा दुसऱ्याच्या कानात असा बसलेला पाहिला नव्हता. खरं तर तिथेच माझ्या हातापायांना घाम फुटायला हवा होता. पण बाबा वर बघत म्हणाले, "ठमे... पंखा वाजतोय गं!"

मग म्हणाले, "आणि तुझा आवाज केवढा घोगरा झालाय! बेडूक गिळलास की काय?"

मी हसत होते आणि रडत होते. त्या संध्याकाळी आम्ही दोन तास गप्पा मारल्या. दोन वर्षांच्या राहिलेल्या.

झोपताना मी मशीन काढलं, साचा धुतला, पुसला आणि कोरड्या डबीत ठेवून झाकण लावलं.

सकाळी डबी उघडली.

साच्यावर मळ होता.

ताजा. ओला. चकाकणारा. टोकाला थेंबासारखा लोंबत होता.

मी बोट लावलं... कोमट होता.

म्हटलं, रात्री धुवायचा राहिला असेल. पण बाबांच्या कानाला मळ येतच नाही, त्यांचा कान कायमचा कोरडा. मी साचा नाकाशी नेला. नको ते केलं. उष्ट्या तोंडाचा वास होता तो. शिळं अन्न दातांत अडकून राहिलं की येतो ना, तसा.

धावत बेसिन गाठलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रात्री घासून पुसून ठेवायचा, सकाळी कोमट आणि भरलेला. मी बाबांना काही बोलले नाही. त्यांना ऐकू येत होतं हो! कुणी स्वतःच्या हाताने ते बंद करील?

चौथ्या दिवशी आम्ही चहा पीत बसलो होतो. बाबांनी कप खाली ठेवला.

"कोण जेवतंय गं?"

"कुणी नाही, बाबा."

"अगं, कोणीतरी मचमच करतंय. तोंड मिटून खा म्हणावं."

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. त्या बाईचा शब्द होता तो, आणि बाबांना मी तिच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा खुशीत होते.

"आज बरं वाटलं बघ. दिवसभर बोलत होतीस. स्वयंपाकघरातून का होईना."

मी सकाळी नऊ ते सहा दवाखान्यात होते.

"काय बोलत होते मी?"

"असंच काहीतरी. लहानपणीचं. नीट कळत नव्हतं, तोंडात घास होता तुझ्या."

त्या रात्री बाबा झोपल्यावर मी मशीन तपासायची नळी काढली. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी असते. एक टोक मशीनला लावायचं, दोन टोकं आपल्या कानात. मशीन काय ऐकवतंय ते आपल्याला कळतं.

आधी काहीच नाही. नुसती सूं...

मग चाटल्याचा आवाज. ओल्या जिभेचा. सावकाश, चवीने. मग चावणं. मग गिळणं... गट्.

आणि मग कोणीतरी बोलायला लागलं. भरल्या तोंडाने. शब्द लागत नव्हते.

पण आवाज ओळखला मी.

माझाच होता. घोगरा.

नळी फेकून दिली. साबणाने कान धुतले, हात धुतले, पुन्हा कान धुतले. अंगभर कोणीतरी थुंकल्यासारखं वाटत होतं.

सकाळी म्हटलं, "बाबा, हे मशीन बिघडलंय. मी दुसरं आणते."

बाबांनी कानावर हात धरला. लहान मूल खेळणं धरतं तसा. "नको. हे काढलंस तर मी काय ऐकू?"

आणि मी गप्प बसले. चार दिवस गप्प बसले. लिहिताना लाज वाटते, पण खरं सांगायचं म्हटलं तर तेही सांगायला हवं.

त्या चार दिवसांत बाबा मशीन रात्रीही काढेनात. गप्पा बंद झाल्या. माझ्याबरोबर जेवायला बसेनात. मी खोलीत शिरले की तोंड फिरवायचे. "काय झालं?" विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. बोल तू. बोलत राहा."

पाचव्या दिवशी सकाळी ते स्वतःच माझ्यापुढे येऊन उभे राहिले. डोळे लाल. "काढ हे. मला आता काही ऐकायचं नाही."

साचा निघेना.

तेल घातलं, हलवला, ओढला. आतून कोणीतरी चोखून धरल्यासारखा बसला होता. मी बाबांना रिक्षात घालून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात मी त्यांचा हात धरला... त्यांनी तो सोडवून घेतला.

डॉक्टरांनी चिमट्याने साचा काढला. निघताना आवाज आला. कसला ते तुम्हीच समजा, मला लिहिताना मळमळतं. साच्यामागून लाळेची तार निघाली. हो, लाळेची. मळाची नाही. वीतभर लांब.

नर्सबाई "ई!" करून मागे सरकल्या.

डॉक्टरांनी बत्ती लावून कानात बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"कोणी साफ केलाय हा कान?"

"कोणीच नाही."

"वीस वर्षं कान बघतोय मी," ते म्हणाले. "इतका स्वच्छ कान नाही पाहिला. मळ नाही, केस नाही, पडदासुद्धा नाही. जखम म्हणाल तर तीही नाही. चाटूनपुसून ठेवलेल्या ताटलीसारखा आहे."

मग त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. डावा कान संपला होता. धुगधुगीसुद्धा उरली नाही. आता जगातल्या कुठल्याच मशीनचा बाबांना उपयोग होणार नाही.

साच्याचं विचाराल तर तो ट्रेमध्ये होता. मी पैसे भरून आत आले तर ट्रे रिकामा. नर्सबाई म्हणाल्या, फेकला. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच नेलात ना? मी त्यावर वाद घातला नाही, बाबांना घेऊन तडक निघाले.

ती पिशवीवाली बाई परत कधी आली नाही. मशीन देताना तिने फॉर्मवर लिहिलेला नंबर लागत नाही.

पण माझी झोप उडाली ती त्यामुळे नाही.

घरी आल्यावर मी पाटी आणली. लिहिलं, 'बाबा, माझ्यावर का रागावलात?'

बाबांनी वाचलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, ते मोठ्याने बोलले. शेजारीही ऐकू गेलं असेल.

"आईबद्दल तसं बोलायला नको होतंस, ठमे. 'तिच्या पाठीच्या जखमांचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. हात लावायची शिसारी यायची. सुटले एकदाची.' चार दिवस हेच. जेवता जेवता. मचमच करत."

माझी आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. तिची पाठ मी धुतली, चादरी मी बदलल्या. सगळे नातेवाईक म्हणाले, लेक असावी तर अशी. कोणापुढे मी एकदाही नाक मुरडलं नाही.

पण ती गेली त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून हात धुताना मी मनात नेमकं हेच म्हटलं होतं.

शब्द न् शब्द.

मनात. तोंडातून नाही. कोणाजवळही नाही, कधीही नाही. मग ते त्या साच्यातल्याला कुठून मिळालं? इतके दिवस ते माझ्या आत कोणी चाखून बघत होतं का? विचार आला की माझीच मला किळस येते.

बाबांनी जगात शेवटचा आवाज ऐकला तो माझा. आणि त्यात हे ऐकलं. आता ते माझ्याकडे बघतात, तेव्हा त्यांच्या ओठांचा एक कोपरा वर जातो. ती नजर मी ओळखते. बारा वर्षं मी तशीच लोकांच्या साच्यांकडे बघत आलेय.

तरी त्यांच्या मनात कुठेतरी आशा आहे. रोज सकाळी पाटी माझ्यापुढे सरकवतात, खडू हातात देतात आणि थांबतात.

'मी हे बोलले नव्हते,' हे माझं केव्हाच लिहून झालंय. त्याने त्यांचं समाधान होत नाही. त्यांना पुढचं हवंय. 'मला असं कधी वाटलंच नाही,' एवढं लिहिलं की बाप परत मिळेल मला.

मी खडू टेकवते. बाबा बघत असतात.

आणि मी लिहिते, 'चहा ठेवू का?'