व्हाळावरचे रूळ

पुलाच्या अगदी मध्यावर दोघं समोरासमोर आली. पूल कसला — बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याकडे चुनखडीच्या गाड्या जायच्या, ते दोन रूळ आणि त्यांवर गावाने टाकलेल्या फळ्या. खाली व्हाळाचं पाणी. रसिकाच्या हातात शाळेचा हजेरीपट, त्याच्या हातात मोजपट्टी. कुणाला तरी मागे फिरावंच लागणार होतं.

“बाई, तुमका शाळेक उशीर होतलो,” म्हणत तो हसला आणि तिच्यावरची नजर न हलवता उलट्या पावलांनी मागे गेला. तो पडतो की काय म्हणून रसिकाचाच जीव टांगणीला लागला.

तो फोंडाघाटचा गुरुदास, भंगाराच्या ठेकेदाराचा मुकादम. कारखान्यापासून रूळ उपटत त्याची माणसं रोज थोडी जवळ येत होती, आणि तो रोज सकाळी पुलाच्या टोकाशी तिची वाट बघत उभा असायचा. शाळेची घंटासुद्धा ह्याच रुळाचा तुकडा, तीही माझ्या यादीत आहे, असं तो चिडवायचा. मग पोरांना सुट्टी तुम्हीच द्या ओरडून, असं ती ऐकवायची.

पण रूळ संपत आले तशी तिची झोप उडाली. पूल गेला तर पलीकडच्या पोरांना दोन कोसांचा वळसा. पूल राहिला तर मालक गुरुदासला कामावरून काढणार… हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं होतं. म्हणून ‘पूल सोडा’ असं तिने एकदाही म्हटलं नाही. आणि दुसरं जे म्हणायचं होतं, ते तर ओठांपर्यंतही येईना.

शुक्रवारी तो दिसलाच नाही. कटरचा गॅस आणायला गेला असेल, असं कामगार म्हणाले. त्या दिवशी तिने पोरांना उगाचच रागे भरलं.

शनिवारी सकाळी पुलाशी सिलिंडर उतरले. देवाला सांगून त्याची संमती मागायची, ते गाऱ्हाणं घातल्याशिवाय गावात कामाला हात लागत नाही, म्हणून गावचे मानकरी भाई, म्हणजे रसिकाचे वडील, नारळ ठेवून उभे राहिले. गुरुदास आला. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला रडूच यायला लागलं.

“बा देवा म्हाराजा, हो पूल काढूचो आसा…”

“थांबा, भाई.” गुरुदासने खिशातून कागद काढला. काल दिवसभर तो ओरोसच्या जिल्हा कचेरीत बसला होता. पूल वापरात आहे, हात लावू नये, असा हुकूम घेऊनच उठला. मालकाने सकाळीच फोनवर त्याला घरी बसवलं होतं.

“गाऱ्हाणां बदला,” तो म्हणाला. “पूल रवांदे. आणि…” आता मात्र त्याने तिच्याकडे पाहिलं. “ह्या पुलावरसून माका रोज येवक मेळांदे. बाईंची हरकत नसात तर.”

भाईंनी लेकीकडे एकदा बघितलं, हात जोडले आणि शब्दन्‌शब्द देवाच्या कानावर घातला. गाऱ्हाण्याला होकार द्यायचा तो जमलेल्या पुरुषांनी, अशी रीत. पण आज सगळे तिच्याकडेच बघत होते. रसिकाने हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली.