रेघ मारलेली पावलं

सुनीताताईंच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही.

मी फोन उचलत नव्हतो, म्हणून त्यांनी पत्र लिहिलं होतं. "भाऊजी, सगळे म्हणतात मुकुल बुडाला. बॉडी मिळाली नाही. तुम्ही सोबत होता. तो पाण्यातून बाहेर आला होता का, एवढंच लिहा. मी क्रिया करू की वाट पाहू?"

पुढे सांगतो त्यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायलाही धाडस लागतं. ते माझ्यात नाही.

मार्चातला बुधवार. दुपारी दीडचा सुमार. कोकणातला एक निर्जन किनारा.

इंदूरच्या लायब्ररीतून रिटायर झाल्यावर मी कासवांच्या कॅम्पवर हंगामी कामाला गेलो होतो. सोबत आमच्या परदेशीपुरा मोहल्ल्यातला मुकुल, सुनीताताईंचा एकुलता एक मुलगा. अंडी घालून गेलेल्या कासवांचे वाळूतले माग आम्ही पहाटे मोजायचो. मोजून झालं की मागावर काठीने आडवी रेघ. रेघ असली की तिकडे पुन्हा कोणी बघायचं नाही.

बुधवारी सुट्टी असायची. आम्ही टेकडीपलीकडच्या लहानशा किनाऱ्यावर गेलो. मी उंडीच्या झाडाखाली सावलीत पुस्तक उघडलं. मुकुल लाटांत शिरला.

"काकाजी, इत्ता मोठा समुंदर सामने, अन् तुम्ही पुस्तकात? गजब करता यार."

तो पाण्यात शीळ वाजवत होता. मी खरंच सुखात होतो.

चार-पाच पानं झाली असतील...

शीळ थांबली.

मी वर पाहिलं. लाटा फुटत होत्या. पण आवाज नव्हता.

पाण्यात कोणी नव्हतं.

वाळूवर मात्र ओली पावलं होती. पाण्यातून निघून केवड्याच्या बनाकडे गेलेली. माझा जीव भांड्यात पडला.

मग दिसलं...

प्रत्येक पावलावर आडवी रेघ होती.

रेघा मारायची काठी सुट्टीतही माझ्याजवळ होती. टोकाला ओली वाळू. मीच मारल्या असतील? सवयीने? पण मी जागचा उठलोच नव्हतो. निदान मला तसं आठवतं.

पावलांमागे गेलो. बनाच्या बऱ्याच अलीकडे, कोरड्या वाळूत ती संपली. परतीची नव्हती.

मी मुकुलला हाक मारली.

शीळ ऐकू आली... माझ्या अगदी पाठीशी.

वळून पाहिलं नाही. कॅम्पपर्यंत पळत सुटलो.

कॅम्पचे प्रमुख संताजी माणसं घेऊन आले. मी पावलं दाखवली. सगळ्यांच्या नजरा त्यांवरून नुसत्या घसरल्या.

"रेघ आहे, काका. ते मोजलेलं आहे," संताजी म्हणाले आणि पावलं तुडवत पाण्याकडे गेले.

ती कासवाची नाहीत, माणसाची आहेत, एवढंच पुन्हा सांगायचं होतं. मला जमलं नाही. भरती आली. पावलं पुसली गेली. बनात कोणी शोधलंच नाही.

परवा कळलं, सुनीताताई अजून रात्री दाराला कडी लावत नाहीत.

आज सकाळी उत्तर लिहिलं. जे पाहिलं तेवढंच. पावलं पाण्यातून बाहेर आली होती. रेघांचंही लिहिलं. चौकातल्या पेटीत पाकीट टाकलं. हलकं वाटायला हवं होतं.

आता त्या वाट पाहतील. दार उघडं ठेवून.

आणि पेटीतून हात बाहेर काढताना पहिल्यांदाच मनात आलं...

ती पावलं मुकुलचीच होती, हे मी कशावरून ठरवलं?