येडशीच्या उतारावरची मारुती

अ‍ॅम्बेसेडर भारी का मारुती, मघापासून डोकं खाताय दोघं. आता गप बसून ऐका. आपल्या ढोकीच्या अमरनाथनं हे सोता मला सांगितलंय, आन् त्यो फेकणाऱ्यातला न्हाय.

त्याच्याकडं दोन्ही गाड्या. बापाची जुनी अ‍ॅम्बेसेडर आन् त्यानं हौसेनं घेतलेली पहिल्या काळातली मारुती. बाप महालिंगप्पा लई हेकट. मारुतीला डबा म्हणायचे, मरस्तोवर तिच्यात बसले न्हाईत. अंगभर ओली विभूती फासून त्यांना समाधी दिली, त्याला वरीस झालेलं.

गेल्या कार्तिकातली अमावास्येची रात. अमरनाथच्या बायकोला, शिवलीलाला, कळा सुरू झाल्या. पहिलंच लेकरू. तशी घाई नव्हती, बार्शीच्या डॉक्टरीणबाईंना फोन झालेला. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन खोललेलं होतं, म्हणून मारुती काढली. शिवलीला मागं आडवी झाली.

येडशी मागं पडली, घाटाचा उतार लागला. आन् डाव्या रिकाम्या शिटावरनं आवाज आला...

"उतार आलाय. किल्ली काढ."

बापाचा आवाज. उतारावर इंजिन बंद करायचं, ढिली किल्ली पडू नये म्हणून काढून खिशात टाकायची, ही अ‍ॅम्बेसेडरवरची त्यांची शिकवण. ल्हानपणापासनं अंगवळणी पडलेली. हातानं किल्ली आधी काढली, डोकं मागनं चाललं.

अ‍ॅम्बेसेडरला चालतंय रे ते. मारुतीची किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होतं.

वळण आलं. स्टिअरिंग फिरंना. इंजिन बंद, त्यामुळं दोन दाबांत ब्रेकचं पेडलबी दगडागत. किल्ली खिशात घावंना. पुढं दरी...

भीतीआधी राग आला, म्हणाला. मेल्यावरबी म्हातारा आपल्याच गाडीचं खरं करतोय. बायको-लेकराचा जीव गेला तरी.

मागनं शिवलीला हळू आवाजात म्हणाली, "अहो... पुढं कोण बसलंय?"



उजव्या गुडघ्याला गार काहीतरी लागलं. हात व्हता. चाचपत व्हता. अ‍ॅम्बेसेडरचा हँडब्रेक उजवीकडंच असतोय. मारुतीत तिथं काहीच न्हाय. हात वर गेला. खाली आला. थांबला...

मग दोन शिटांच्या मधनं... खर्रर्र. हँडब्रेक वढला गेला.

गाडी थांबली. पुढचं चाक पार कडेला.

पहाटं लेक झाली. दोघी खुशाल. 

उजाडल्यावर अमरनाथ दवाखान्याबाहेर गाडीपाशी आला. त्याच्या विजारीच्या उजव्या गुडघ्यावर विभूतीची तीन बोटं, फिरून फिरून पुसट झालेली.

हँडब्रेकवर मात्र तिन्ही बोटं नीट उमटलेली. अजून ओली.