मागची हाक

गाडीखान्यात आमच्या मोटारीचं तोंड भिंतीकडे असे, आणि ह्यावरून मामंजी आणि हे यांच्यात रोज सकाळी चहाबरोबर थोडीशी चकमक होई.

"गाडी नेहमी मागं ढकलून आत घालायची," मामंजी झोपाळ्यावरून म्हणत. "जू रस्त्याकडे. सकाळी बैल जुंपले की सरळ बाहेर. माझ्या वडिलांनी गाडीखाना बांधला तेव्हापासून असंच चालत आलंय."

"भाऊ, ही बैलगाडी नव्हे," हे वडिलांना म्हणत. "समुद्रावरचं खारं वारं थेट आत येतं. इंजिनाला लागलं तर गंजेल. पाठ गंजली तर चालेल एक वेळ."

"मग जा रोज पाठमोरे कोर्टात!"

हे हसत, कोट चढवत आणि गाडीखान्याकडे जात. अलिबागेच्या कोर्टात ह्यांची वकिली नुकती बसू लागली होती. नागावहून रोज छकड्यातून जाणं नको म्हणून ही जुनी मोटार मुंबईहून तरीवर, मोठ्या होडीवर, घालून आणवलेली. गाडीखाना जांभ्या दगडाचा, अरुंद. त्याच्या एका अंगाला रहाटाची विहीर, दुसऱ्या अंगाला वाडीचा दगडी गडगा. मधल्या तेवढ्याच पट्टीतून मोटार मागं मागं अंगणात यायची, मग वळून फाटकाबाहेर. मागच्या कापडी टपाला काचेसारखा एक चौकोनी तुकडा शिवलेला होता, पण तो पिवळा पडून आंधळा झालेला.

"मागं काय आहे ते मला दिसतच नाही," हे एकदा सहज म्हणाले होते. "मला नुसतं ऐकू येतं."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. कारण आमची गोदू तेव्हा नुकती चालायला लागली होती. मोटार घरघरली की ती जिथं असेल तिथून टाळ्या वाजवत निघायची, आणि तिला मोटारीचं तोंड नको असे, पाठ हवी असे. मागं टांगलेलं जादा चाक तिला फार आवडायचं. त्याला गाल लावून उभी राहायची. म्हणून मी घरात नियम करून टाकला होता: ह्यांनी मोटार सुरू करायच्या हँडलला हात लावण्याआधी गोदू कुणाच्या तरी कडेवर हवी.

मागून हाक द्यायचं काम कोंडाजीचं. तो आमचा जुना गाडीवान. बैल विकल्यापासून त्याला हेच एक मानाचं काम उरलं होतं, आणि तो ते मोटारीशी बैलाशी बोलावं तसं बोलत करायचा. "ये माज्या राजा, ये. हलू हलू. आरं, हिरीत उरी टाकतंस काय?" गडग्याजवळची सुपारी आली की तळहातानं पाठीवर एक थाप. "बास!" हे थांबत, चाक वळवत आणि निघून जात. मागं लाल धूळ आणि तेलाचा वास राही, आणि गोदू माझ्या कडेवर नाक वर करून तो वास घेई.

आश्विनात भातकापणीला कोंडाजी आपल्या गावी गेला. हाक देण्याचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मला फार संकोच वाटला. मामंजी समोर बसलेले, आणि मी सून असून अंगणात उभी राहून ओरडणार! मी "येऊ द्या" म्हटलं ते ह्यांना ऐकूच गेलं नाही.

"सूनबाई," मामंजी वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मोटार विहिरीत गेली तर मला ओरडावं लागेल. त्यापेक्षा तूच ओरड."

मग मी मोकळ्या गळ्यानं हाक दिली. येऊ द्या. येऊ द्या. बास. लहानपणी घसा धरल्यापासून माझा आवाज 'द्या'वर जरासा फाटतो. ह्यांना त्याची गंमत वाटे. चार दिवसांत मला ते काम आवडू लागलं, हे कबूल करते. गोदूला मामंजींच्या मांडीवर द्यायचं, पदर खोचायचा, आणि एवढं मोठं धूड माझ्या शब्दावर मागं येतं आणि माझ्या शब्दावर थांबतं ते बघायचं. सकाळचं कोवळं ऊन, सुपारीच्या सावल्या, रहाटाची कुरकुर. गोदू वाटीनं दूध पीत नाही ही एक काळजी सोडली, तर घरात काही कमी आहे असं तेव्हा वाटत नव्हतं.

एका सकाळी चुलीवरचं दूध उतू गेलं आणि मला बाहेर यायला उशीर झाला. येऊन बघते तो मोटार गेलेली. मला वाटलं, मामंजींनी हाक दिली असेल.

संध्याकाळी पाय धुताना हे म्हणाले, "आज बरं केलंस. विहिरीच्या अंगाला फार गेलो होतो. तू 'जरा गडग्याकडे' म्हणालीस म्हणून वाचलो."

"मी कुठं म्हणाले? मी तर चुलीपाशी होते."

"बरं बरं," हे हसून म्हणाले. "श्रेय नको असेल तर राहिलं."

ह्यांचा स्वभाव थट्टेखोर. मी ते तिथंच सोडून दिलं.

मग एकदा मी स्वतः ऐकलं. मी माजघराच्या खिडकीशी खोपा घालत होते. आकडे दातांत धरले होते. हे नेहमीपेक्षा लवकर निघाले असावेत. हँडल फिरल्याचा आवाज आला, मोटार घरघरली. मी दातांत आकडे तसेच ठेवून घाईनं केस गुंडाळू लागले, आणि बाहेरून हाक आली.

"येऊ द्या."

माझे ओठ मिटलेले होते. दातांत आकड्यांची लोखंडी चव होती. आणि माझा आवाज अंगणातून आला, 'द्या'वर जरासा फाटलेला.

"येऊ द्या. येऊ द्या. बास."

मी धावत ओटीवर आले तोवर मोटार फाटकातून वळत होती. हे मागं न बघता हात हलवून गेले. मामंजी गोदूला मांडीवर घेऊन वाचत बसले होते.

"मामंजी, हाक कुणी दिली?"

"कुणी म्हणजे? तूच दिलीस की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

"तुम्ही बघितलंत मला?"

"बघायचं काय त्यात? ऐकलं ना."

अंगणात सकाळीच सडा घातला होता. ओल्या शेणात चाकांच्या दोन पट्ट्या स्वच्छ उमटल्या होत्या. सुपारीपाशी, जिथं मी उभी राहते तिथं, पाऊल नव्हतं. माझं नाही, कुणाचंच नाही.

मी शिकलेली आहे. अलिबागेच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत गेले आहे. विहिरीच्या कठड्यावरून आवाज घुमतो हे मला ठाऊक होतं. म्हणून गोदू झोपल्यावर मी अंगणात जाऊन हाक देऊन पाहिली, मग विहिरीत वाकून दिली, मग गाडीखान्यात शिरून दिली. आवाज घुमला. पण मी गप्प असताना काहीच घुमलं नाही.

ह्यांना सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते?

कार्तिकात कोंडाजी परत आला, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. गोदूसाठी त्यानं सुपारीच्या विरीची, झावळीच्या रुंद देठाची, गाडी करून आणली होती. दुसऱ्या दिवशी तो हौसेनं मोटारीमागं उभा राहिला. मी गोदूला कडेवर घेऊन ओटीवर होते. मोटार निघाली, अंगणात आली, थांबली, गेली. कोंडाजीनं तोंड उघडलं नव्हतं. तो हळूहळू ओटीपाशी आला.

"वयनी, तुमी हितंच व्हत्या?"

"हो."

"तुमी हाक न्हाय दिली?"

"नाही."

त्यानं मुंडाशानं तोंड पुसलं. "मी मागल्या चाकाकडं बघत हुबा. न् हाक माज्या पाठीमागून आली. हितनं, खांद्यामागून. तुमचाच आवाज." मग तो म्हणाला, "मी वळून न्हाय बघितलं वयनी. बघाया पायजे व्हतं काय?"

"नाही," मी म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही.

त्यानंतर तो सकाळी काही ना काही निमित्त काढून वाडीत जाऊ लागला, शिंपणं, नाहीतर नारळ मोजणं. ह्यांना वाटे मी उभी आहे. मला आधी भीती वाटली, पण रोज सकाळी मोटार नीट बाहेर यायची, कुठं ओरखडासुद्धा नाही. कशाचीही माणसाला सवय होते. मी गोदूला घट्ट कडेवर धरून ओटीवर उभी राहायची आणि माझाच आवाज ऐकायची. तो माझ्यापेक्षा धीमा होता, जास्त समजूतदार वाटायचा. कधी कधी मला त्याचा हेवा वाटे.

त्या सकाळी मला रात्रीपासून कसकस होती. मामंजी ओटीवर होते, गोदू त्यांच्याजवळ विरीची गाडी ओढत होती. हे अजून आंघोळीला गेले नव्हते, म्हणून मी निश्चिंत होते. मी खिडकीशी बसून केस विंचरू लागले. मध्ये डोळा लागला असेल. जाग आली ती हँडलच्या आवाजानं.

आकडे दातांत होते. मी खिडकीतून पाहिलं.

मामंजी झोपाळ्यावर नव्हते. ओटीवर कुणीच नव्हतं.

गोदू अंगणात होती. गाडीखान्याच्या अगदी दाराशी, मोटारीच्या पाठीला तोंड करून बसलेली. हातात विरीची गाडी.

मोटार थरथरत होती.

"येऊ द्या," माझा आवाज म्हणाला.

मी ओरडले. ओरडले असं मला वाटलं. आकडे तोंडातून खाली पडले, आणि घशातून नुसती हवा आली.

मी धावले. माजघर, ओटी, पायऱ्या. बांगडी दाराला लागून फुटली.

"येऊ द्या."

मोटार मागं येत होती. सावकाश. जादा चाक गोदूच्या डोक्याच्या उंचीवर होतं आणि तिनं त्याच्याकडे दोन्ही हात पसरले होते.

"येऊ द्या. येऊ द्या."

मी अजून पायऱ्यांवर होते.

"बास."

मोटार थांबली.

मी पोचले तेव्हा चाकाचं रबर गोदूच्या जावळाला लागलं होतं. ती त्याला गाल लावून हसत होती.

मी तिला उचललं. टपाच्या बाजूनं ह्यांनी डोकं बाहेर काढलं. माझे मोकळे केस, मनगटावरून पायांवर पडलेले रक्ताचे थेंब.

"अगं, काय झालं? तूच बास म्हणालीस ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

मामंजी शेजारच्या वाडीतून घाईघाईनं येत होते; कुणी तरी हाक मारली म्हणून गेले होते म्हणे, आणि तिकडे कुणीच नव्हतं. "मी पोरीला तुझ्या हातात दिली होती ना, सूनबाई?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. "दारातून हात पुढं केलेस की. दिली ना मी?"

"दिलीत," मी म्हटलं. त्यांचं वय झालेलं. दुसरं काय म्हणणार?

आत नेऊन मी गोदूला मांडीवर घेतलं आणि तेव्हा मला दिसलं. तिची आंघोळ व्हायची होती. मी तिला अजून हात लावला नव्हता. पण तिचे केस विंचरलेले होते, तेल लावून, मध्ये भांग पाडून. डोळ्यांत ताजं काजळ होतं. अजून ओलं. इतकं रेखीव काजळ मला कधी घालता आलेलं नाही. गोदू फार हलते.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "उद्यापासून मोटार उलटी आत घाला. बैलगाडीसारखी."

"आणि खारं वारं?"

"गंजू दे."

मामंजी तेवढ्यातही हसले. "अखेर कोर्टात निकाल आमच्या बाजूनं लागला!" हेही हसले. मोटार संध्याकाळी मागं मागं गाडीखान्यात जाऊ लागली. गोदू तेव्हा माझ्या कडेवर असे, कोंडाजी मागं उभा राही. त्याची एकट्याचीच हाक ऐकू येई. "ये माज्या राजा, ये." सकाळी मोटार सरळ निघून जाई, कुणाच्याही हाकेची गरज नसे. इंजिनाच्या झाकणावर थोडा तांबूसपणा आला आहे, पण हे आता त्याबद्दल बोलत नाहीत.

दिवस पुन्हा छान चालले आहेत. ह्यांना कामं मिळताहेत. थंडीत वाल चांगले आले. मामंजी गोदूला 'माझा अशील' म्हणतात. सगळे म्हणतात, पोरीनं बाळसं धरलंय, दंडाला वळ्या पडल्या आहेत. मलाही ते दिसतं आणि बरं वाटतं, कारण श्रावणातल्या तापात माझं दूध आटलं तेव्हापासून ती वाटीला तोंड लावत नव्हती आणि मी फार काळजीत होते.

आज रविवार, मोटार घरीच. दुपारी सगळ्यांची पानं झाली, आणि गोदू दिसेना. मला शोधावं लागलं नाही. गाडीखान्यात सावली होती, गार. मोटारीच्या मागच्या बैठकीवर ती झोपली होती, दोन्ही हात डोक्याशी टाकून, पोट भरल्यावर मुलं झोपतात तशी. शेजारची बैठक कुणी बसून उठल्यासारखी दबलेली होती.

मी वाकले. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. मी पदरानं टिपला आणि पदर नाकाशी नेला. गाईच्या दुधाचा वास वेगळा असतो; तो मला ओळखता येतो. हा तो नव्हता.

थेंब अजून कोमट होता.